गिरधर सोनाराची नाकातली कमान

एरंडोलला पोस्टात कारकून होतो तेव्हा दुपारच्या सुट्टीत मी गिरधर सोनारांच्या दुकानात जाऊन बसायचो. त्यांच्याविषयी कोणीतरी लिहायला हवं असं बरीच वर्षं वाटत होतं. कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. साल बहुधा अठ्ठ्याऐंशी. एखाद्या वर्षाची चूक होत असेल.

गावात सगळे त्यांना आबा म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये पडदा. पडद्यापुढे शेगडी, ऐरण आणि काचेच्या पेटीतला काटा, पडद्यामागे त्यांच्या पत्नी कमलवहिनींचा संसार. मोठ्या दागिन्यांसाठी लोक जळगावला जात. आबांकडे येत ते नाकातल्या वस्तूंसाठी. त्यातही नाक न टोचलेल्या बायकांची दाबाची नथ हे त्यांचं खास काम. ही नथ सैल झाली तर पंगतीत ताटात पडते. घट्ट झाली तर बाईच्या डोळ्यांना धार लागते आणि लोकांना वाटतं, लेक सासरी जाते म्हणून रडते आहे. आबांची नथ घातल्याचं बाई विसरून जायची. दोन माणसांची नाकं सारखी नसतात हे कोणालाही कळतं, ते म्हणत, पण एकाच माणसाच्या दोन नाकपुड्या सारख्या नसतात, हे ज्याने नथ घडवली त्यालाच कळतं.

आणि या माणसाच्या घरात कमलवहिनी घोरत. दुपारी जेवून आडव्या झाल्या की पडदा हलतो असं वाटे. शेजारी उखर्डूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेही ऐकू जाई. एकदा तो येऊन काट्याकडे बघत म्हणाला, "आबा, तुमना काटा आज एक गुंज जास्त दखाडस. वहिनी झोपेल शेतस वाटतं."

आबा हसले. पण पडद्यामागचा आवाज एकदम थांबला होता. वहिनी जाग्या होत्या.

त्यांना ते लागायचं. पूर्वी नरडाण्याला एका लग्नात बायकांच्या खोलीत त्या झोपल्या आणि सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी त्यांची नक्कल केली. तेव्हापासून त्या परक्या घरी मुक्कामाला राहिल्या नाहीत. कुठेही गेल्या तरी संध्याकाळच्या एसटीने परत.

मग धुळ्याहून पत्र आलं. त्यांची एकुलती एक लेक सिंधू तिथे दिली होती. तिला सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलेलं होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं, एसटीचे धक्के नकोत, बाळ होईपर्यंत पडून राहायचं. सासू पुष्पाबाईंना गुडघ्यांचा त्रास, तेव्हा आईने येऊन दोन महिने राहावं. आनंदाने बोलावलं होतं. पण घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत व्याही अभिमनराव. एसटीत कंट्रोलर होते, बोलणं कमी, कपाळाला कायम आठी.

वहिनींनी दोन दिवस पिशवी भरली आणि तिसऱ्या दिवशी रिकामी केली. मी दुकानात होतो. पडद्याआडूनच त्या म्हणाल्या, "जावईना घर मी घोरसू, अन् सिंधूले खाली मान घालनी पडी. मी जात नही."

आबांनी समजूत घातली नाही. हातातली नथ बाजूला ठेवली आणि बराच वेळ स्वतःच्या नाकपुड्या दोन बोटांनी आत-बाहेर करून बघत बसले. नाकपुडी बाहेर ओढली की वारा मोकळा जातो, हे त्यांनी मलाही करून बघायला लावलं. खरंच जात होता. वहिनींचं नाक मुळाशी अरुंद आहे, झोपेत ते मिटतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आजवर नाकाला धरून ठेवणाऱ्या वस्तू केल्या, आता उघडून धरणारी करायची.

पहिली कमान चांदीची. दोन्ही नाकपुड्यांत एकेक वेढा, मधला दांडा नाकाखाली बाहेर, म्हणजे आत जायची भीती नाही. दांड्यावर त्यांनी बारीक वेलबुट्टीसुद्धा कोरली. वहिनी ती घालून दुपारी झोपल्या. आबा, मी आणि उखर्डू बाहेर श्वास रोखून बसलो. पाव तास पडद्यामागे शांतता होती. मग आवाज आला, आणि तो नेहमीचाच होता.

कमान काढून बघितली तर वेढे मिटून गेलेले. आबांनी जाड तारेची दुसरी केली, मग तिसरी. तीच गत. दहा दिवस गेले. सिंधूचं दुसरं पत्र आलं, त्यात आई कधी येते एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

चौथी करताना उखर्डू समोर बसला होता. आबांनी सवयीने तार शेगडीवर धरली, फुंकणीने लाल केली, मग वळवली. उखर्डूने विचारलं, दर वेळी तापवता का? आबा म्हणाले, न तापवता तार वळवायची कशी? उखर्डू उठला आणि त्याच्या दुकानातून लुनाच्या ब्रेकची जुनी वायर घेऊन आला. तिचा एक पदर सुटा करून थंडच वाकवला आणि सोडला. तो टणकन सरळ झाला. तापवली की तार मऊ पडते आणि तिचं उसळणं जातं. सोनाराला तार मऊच लागते, म्हणून चाळीस वर्षांत आबांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

तरी ते अडून बसले. बायकोच्या नाकात ब्रेकची वायर घालणार नाही म्हणाले. उखर्डू म्हणाला, "आबा, तिले नाकमां चांदी नही पाहिजे, वारा पाहिजे."

आबांनी पोलादी तार घेतली. उकळत्या पाण्यात टाकून, घासून लख्ख केली आणि न तापवता वळवली. टोकं आत मुडपली. ती पहिल्यांदा माझ्या नाकात बसली, कारण मला नाही म्हणता आलं नाही. दुकानाच्या बाकावर मी आडवा झालो. वारा असा मोकळा आला की डोकं थंड पडलं, पण पाचच मिनिटांत नाक आतून सोलल्यासारखं झालं. आबांनी माझ्या नाकात डोकावून लालसर वळ बघितला, समाधानाने मान हलवली आणि उखर्डूकडून सायकलची नवी कोरी व्हॉल्व्ह ट्यूब मागवली. ती मऊ रबरी नळी तारेवर चढवली.

आता प्रश्न राहिला जोराचा. किती जोराने ढकललं की नाक उघडेल आणि दुखणार नाही? आबांनी कमानीचं एक टोक काट्याच्या एका पारड्यावर टेकवून दुसऱ्या पारड्यात वजनं घातली. जोर कमी-जास्त करत सहा कमानी केल्या. डाव्या वेढ्याचा जोर उजव्यापेक्षा थोडा कमी ठेवला. सहावी घालून वहिनी झोपल्या त्या चार वाजेपर्यंत. घोरणं पूर्ण गेलं नाही, उगाच कशाला खोटं लिहू. पण दळण दळल्यासारखा आवाज होता तो मांजराच्या गुरगुरण्याएवढा राहिला. उठल्यावर त्यांनी विचारलं, कमान कुठे पडली? ती नाकातच होती.

दुसऱ्या दिवशी त्या धुळ्याला गेल्या. सोबत त्याच जोराच्या तीन कमानी, कुंकवाच्या रिकाम्या डबीत. आठ दिवसांच्या आतच मुक्काम मोडून परत येतील अशी आबांना धास्ती होती, कारण काही बिनसलं तर त्या तिथे एक रात्रही थांबणार नाहीत हे त्यांना माहीत होतं.

पुढचं मला वहिनींनीच नंतर सांगितलं. बारा दिवस कोणाला पत्ता नव्हता. तेराव्या दिवशी दुपारी खालच्या बिऱ्हाडात मिरचीची फोडणी पडली आणि झोपेतच वहिनींना मोठी शिंक आली. कमान उडाली ती दारातून थेट बाहेरच्या खोलीत, पेपर वाचणाऱ्या अभिमनरावांच्या पायाशी. त्यांनी उचलली, उजेडात धरली, आणि हे काय आहे म्हणून विचारलं. वहिनींना तोंड लपवायला जागा नव्हती. त्या पिशवीकडे बघू लागल्या.

आतल्या कॉटवरून सिंधू बोलली. "आईला घोरण्याचा त्रास आहे, मामंजी. मी बोलावलं तर ती येत नव्हती, म्हणून बाबांनी स्वतः करून दिली. असं नाकातलं काम जळगावात पण कोणाला जमायचं नाही."

तिने मान खाली घातली नव्हती. हे सांगताना वहिनी दोनदा थांबल्या.

अभिमनरावांनी कमान परत दिली आणि पेपर वाचायला घेतला. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, पुरुषाच्या नाकाला करतात का? पुष्पाबाई आतून म्हणाल्या की लग्न झाल्यापासून आपण झोपताना कानात कापूस घालतो, आणि हे आज विचारताहेत.

आबा मापासाठी मेणाचा गोळा घेऊन धुळ्याला गेले. व्याह्यासमोर बसताना नेहमी त्यांचे हात जोडलेले असायचे. त्या दिवशी अभिमनराव खुर्चीत मान वर करून बसले होते आणि आबा त्यांना हलू नका म्हणून दटावत होते. कॉटवर सिंधूला हसू आवरत नव्हतं, आणि तिने फार हसू नये म्हणून वहिनी तिचे पाय दाबत होत्या.

माप झाल्यावर आबांनी वहिनींना विचारलं, परत येतेस का माझ्याबरोबर, दोन दिवस घर बघून ये. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीन जा. मी बाळना बारसालोंग आठेच शे."

बारसं झालं तरी त्या तिथेच. चार महिने राहिल्या.