फिलाडेल्फियाला, खोटा दागिना बघायला

मृदुलाचा मेसेज आला, ‘शनिवारी ओपनिंग. आईला घेऊन ये.’ झालं, निघालो! मृदुला माझी नागपूरची हॉस्टेलमधली मैत्रीण. आम्ही बाकीच्या कोड लिहीत बसलो आणि ही बाई म्युझियममध्ये क्युरेटर झाली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या थडग्यांमधून निघालेले दागिने सांभाळते. आता तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन. त्या गडबडीत तिला जेवायलाही फुरसत नव्हती, म्हणून भारतातून आलेली तिची आई, आमच्या काकू, दोन आठवडे माझ्याकडे व्हर्जिनियात, हर्नडनला.

फिलाडेल्फिया तीन तास, असं म्हणतात. म्हणोत बापडे! शुक्रवारी दुपारी निघालात तर पाच धरा आणि खाणं घरूनच न्या. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. डेलावेअर येईपर्यंत काकूंचे नागपूरला फोन चालू. “सोन्याचा ब्रोच आहे बापा, लाल खडे जडवलेला! आमच्या मृदुलानंच निवडला.”

म्युझियमच्या दारावर त्याच ब्रोचचं हे भलंमोठं पोस्टर. आणि पोस्टरखाली मृदुला, रडवेली.

“यार, तो नकली आहे.”

तिलाच शंका आली होती म्हणून तिनं तो लॅबमध्ये दिला होता. रिपोर्ट सकाळी आला. सोन्याच्या जोडकामात त्या काळी कुणी वापरतच नसे असा धातू सापडला. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी बनवून खपवलेला माल.

“डायरेक्टर म्हणतात, गुपचूप काढ. आणि माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय.”

“मग काढ ना बाई!” मी म्हटलं. मी भित्री आहे, सांगून टाकते. काकूंनी नागपूरहून आलेला फोन कापला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

“नाही काढणार. खोटा आहे असं लिहून मधोमध ठेवणार,” मृदुला म्हणाली आणि तरातरा आत गेली. हॉटेलवर काकूंनी दशम्यांचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

शनिवारी पार्किंग आधीच बुक केलं होतं, तुम्हीही करा. मोठी पर्स आत नेऊ देत नाहीत. मधल्या काचपेटीवर पाटी होती: ‘हा ब्रोच नकली आहे. मी तो खरा समजून निवडला. कसं कळलं, ते खाली वाचा.’ डायरेक्टर एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून उभे. पण गर्दी सगळी त्याच पेटीपाशी! लोक शेजारच्या खऱ्या ब्रोचकडे जात, निरखून बघत आणि पुन्हा खोट्याकडे येत.

तेवढ्यात काकूंनी नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. मी फोन काढून घ्यायला धावले.

“हे पाहा, खोटा आहे! अन् पकडला कोणी? आमच्या मृदुलानं!” बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग मलाही रडू आवरेना.

रविवारी घरी पोचलो. एवढं खरं सोनं पाहिलं, पण खरं सांगू का, त्यातलं काही आठवत नाही. खोट्या ब्रोचचं चित्र मात्र डोळे मिटून काढून दाखवीन. मृदुलाच्या जागी मी असते तर तो निमूट कपाटात गेला असता, हेही घरभर फिरताना सारखं मनात येत होतं.

आठवड्याभरानं मृदुलाचा फोन आला. खोट्या ब्रोचपाशी गर्दी हटत नव्हती, म्हणून डायरेक्टरांनीच कॉन्ट्रॅक्ट वाढवलं होतं. गोदामातले सगळे दागिने आता तिनंच तपासायचे होते.

काकू अजून माझ्याकडेच; स्पीकरवर ऐकून धास्तावल्या. “अगं बापा, सगळेच खोटे निघाले तर?”

“मग काय आई,” मृदुला खळखळून हसली, “नोकरी पर्मनंट!”