चिमट्यानं दिलेला होकार

"मोठ्यानं बोल रे चिमट्या. ओठ हलतायत तुझे, पण इथवर पोचत काही नाही."

"म्हटलं, त्या अँटिव्हायरसवाल्या कंपनीचं पत्र आलंय, बाई!"

"मग मला कशाला सांगतोस? मी काय त्यांना सूर लावायला शिकवणारे?"

"त्यांनी तुमची माहिती विकली! तुम्ही मशीनवर काय काय बघितलंत, ती!"

हे शेवटचं वाक्य असं दणक्यात गेलं, की जिन्यानं वर चाललेली शेजारीण पिशवीसकट जागच्या जागी थांबली. चिमट्यानं पायानं दार लोटलं. पण गाण्याच्या बाईंशी बोलायचं तर आता ओरडावंच लागायचं, आणि दार काही तेवढं जाड नव्हतं.

चिमट्या म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गडी. शर्टाच्या खिशात पेन नसेल, पण बारीक टोकाचा चिमटा असणारच, म्हणून हे नाव पडलं. दुकान जिन्याखालचं. दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं बाहेर उभं राहून बोलायचं. हात मात्र असा, की कचऱ्यात टाकायला काढलेलं मशीनही त्याच्याकडून धडधाकट होऊन घरी जायचं. धूळ झाडायची, आतल्या एखाद्या भागाचा तुटलेला पाय डाक देऊन जोडायचा, आणि शेवटी प्रत्येक मशीनवर ते फुकटचं अँटिव्हायरस टाकायचं. कुणी मागो न मागो. घराला कडी लावल्याशिवाय बाहेर पडत नाही ना आपण, तसंच, असं तो म्हणायचा.

ते टाकताना पडद्यावर बारीक अक्षरांचं भलंमोठं चऱ्हाट यायचं. चिमट्या त्याच्याकडे ढुंकूनही न बघता "मान्य" दाबायचा. त्या चऱ्हाटाच्या तळाशी एक चौकोन असायचा, आधीच बरोबरची खूण केलेला. आपल्या वापराची माहिती आमच्या सहकारी कंपन्यांना द्यायला माझी हरकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी तिथं लिहिलेलं. ती खूण काढली की "नक्की काढायची का, पुन्हा विचार करा" असं आणखी एक पान उपटायचं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना एवढा वेळ कुणाला? तो खूण तशीच ठेवायचा.

वर आणखी एक सोय त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढली होती. नोंदणीला ईमेल लागायचा, आणि लोकांना आपला पत्ता कधी धड आठवायचा नाही. मग चिमट्या सगळीकडे आपलाच पत्ता घालायचा आणि मशीनला ओळखीचं नाव द्यायचा. शिंपीकाका. दातांचा दवाखाना. गाण्याच्या बाई.

परवा दुपारी डबा खाता खाता त्यानं मोबाइल उघडला, तर एकाच मजकुराची पत्रं धो धो येत होती. फक्त वरचं नाव वेगळं. "प्रिय शिंपीकाका, आपण भेट दिलेल्या संकेतस्थळांची माहिती आमच्या सहकारी कंपनीमार्फत इतरांना विकली गेली असण्याची शक्यता आहे. आम्ही दिलगीर आहोत." एकशे त्रेचाळीस पत्रं. त्यानं बोटानं सरकवत सरकवत "प्रिय गाण्याच्या बाई" गाठलं आणि घास तोंडातच राहिला.

बाईंनी त्याला विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी, मशीन लावून झाल्यावर, अगदी सहज विचारावं तसं. "यात मी काय शोधलं ते दुसऱ्या कुणाला कळतं का रे?" आणि यानं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "बाई, दारावर राखणदार बसवलाय. मुंगीसुद्धा जायची नाही."

त्या भरवशावर बाई रोज वर्ग सुटल्यावर कानांबद्दल वाचत बसल्या. वरचे सूर आधी का जातात, कानातलं यंत्र केवढं असतं, केसांखाली लपतं का. मग एक दिवस वर्ग चालू असताना, गाण्याचे शब्द वाचायला ठेवलेल्या पडद्याच्या कडेला जाहिरातीतला एक म्हातारा कानाला हात लावून हसायला लागला. खाली लिहिलेलं, "ऐकू कमी येतंय?" पोरं फिदीफिदी हसली. रोज तोच म्हातारा. मागे बसलेल्या एका मुलीच्या आईनं मनातल्या मनात जुळवलं, की बाई हल्ली बेसूर पोरांना अडवत नाहीत ते का. आयांमध्ये ते पसरलं, आणि अठरातली अकरा मुलं महिन्याभरात बंद झाली. मुलं गळाल्याचं चिमट्याच्या कानावर आलं होतं. त्यात आपला काही हात असेल, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"म्हणजे तो हसरा मेला यांनी धाडला?" बाईंनी विचारलं.

"तसं छातीठोक नाही सांगता येत! माहिती जायच्या वाटा पुष्कळ असतात! पण मी तुम्हाला शब्द दिला होता!"

"हो. दिला होतास."

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत टेकल्या. "मी सांगणारच होते रे सगळ्यांना. परीक्षा झाल्या की एकेका आईला बोलवून, समोर बसवून. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. लहान मुलांना अजून दोन वर्षं शिकवू शकले असते, तेवढंच मागणार होते. नाही म्हणाल्या असत्या तर नाही. पण ते माझ्या तोंडून जायला हवं होतं."

"मी आत्ता काढून टाकतो ते! मुळासकट!"

"मशीनमधून काढशील. त्या आयांच्या डोक्यातून कसं काढशील?"

चिमट्यानं मशीनकडे नेलेला हात मागे घेतला.

"माझ्या नावानं हो म्हणालास, तेव्हा वाचलं होतंस का काय लिहिलंय?"

त्यानं मान हलवली. ओरडायची गरज नव्हती.

"लहानपणी तुला गळा नव्हता, म्हणून वहीचं पान उलटायला बसवायचे मी. ओळ संपायच्या आधीच उलटायचास." बाई हसल्या नाहीत. "आणखी किती जण आहेत असे?"

"एकशे बेचाळीस!"

"मग त्यांना सांग जाऊन. आणि हे मशीन उचल इथून. मी शब्द हातानं लिहून देईन. ऊठ आता, मुलं यायची वेळ झाली. उरलेली."

मशीन छातीशी धरून तो जिना उतरला. शेजारीण अजून तिथंच होती. "काय विकलं म्हणे बाईंचं?" तिनं विचारलं. चिमट्यानं मशीन सावरलं आणि तो खाली गेला.

दुकानापुढे शिंपीकाका आपलं कॉम्प्युटरचं मशीन मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

"कुठे उलथला होतास? पंखा घरघरतोय बघ याचा. शेजारचे विचारतात, नवं शिलाई मशीन आणलं का?"

"बघतो. पण आधी एक सांगायचंय, काका."

"हात चालू ठेवून सांग. दोन पँटी कातरून टाकून आलोय."

चिमट्यानं बाईंचं मशीन फळीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पत्र, चौकोन, आपण न काढलेली खूण. काकांनी आधी हसून घेतलं. मग हसू हळूहळू ओसरलं आणि ते मांडीवरच्या मशीनकडे बघत राहिले.

"सगळंच?" त्यांनी विचारलं. "मागच्या वर्षी बघितलेलं पण?"

"असेल, काका."

काकांनी रस्त्याकडे बघितलं. मग मशीन त्याच्या हातात दिलं. चिमट्यानं ते टेबलावर पालथं घातलं आणि मागचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.