दादाच्या नाकातली नळी

दादाचा टीबी मेंदूत चढला होता. आमच्या राहनाळ गावात गोडाऊनच्या जमिनीच्या वादातून ज्याने दोघा-तिघांची डोकी फोडली, तो माझा थोरला भाऊ हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. गिळताही येत नव्हतं. नाकातून पोटात नळी घातली होती. दूध, पेज, गोळ्या, सगळं तिच्यातूनच. मारणं मात्र तो विसरला नव्हता. पहिल्याच सकाळी त्याने वहिनीच्या पोटात लाथ घातली.

मी भिवंडीत शाळेत शिकवते. उपाशीपोटी द्यायच्या त्या गोळ्या देणं एकट्या वहिनीच्याने होईना, म्हणून शाळेआधी रोज रिक्षाने राहनाळला जायला लागले. हॉस्पिटलातल्या सिस्टरने मला शिकवून ठेवलं होतं. डोकं उंच करायचं, नळीवरची खूण नाकपुडीशी आहे का बघायची, सिरिंजने ओढून पोटातलं पाणी येतंय याची खात्री करायची. मगच गोळ्यांचा भुगा पाण्यात कालवून सोडायचा आणि मागून साधं पाणी. "खूण सरकली असेल तर थेंबही नको, फुफ्फुसात जाईल," असं तिने दोनदा बजावलं होतं.

वहिनी त्याच्या पायांवर बसायची. हात आम्ही जुन्या साडीच्या पट्ट्यांनी खाटेला बांधायचो. तो आईवरून शिव्या द्यायचा, थुंकायचा, डोकं खाटेवर आपटायचा. नारिंगी औषध भिंतीवर, चादरीवर, माझ्या ओढणीवर उडायचं.

एके दिवशी उजव्या हाताची गाठ सुटली. मी सिरिंज भरून वळले, तोच त्याचा ठोसा माझ्या तोंडावर बसला. अर्धा दात तळहातावर आला. मी सिरिंज बाजूला ठेवली आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग आणखी एक. मग मारतच सुटले. बारावीत असताना वर्गातल्या एका मुलाशी बोलले म्हणून त्याने मला पट्ट्याने फोडून काढलं होतं. ते सगळं माझ्या हातात आलं होतं.

वहिनीने माझं मनगट धरलं. "ताई, बस! मरंल त्यो."

"मरू दे," मी म्हणाले.

आम्ही हात पुन्हा बांधला. तो धापा टाकत पडला होता. झटापटीत नळी बोटभर बाहेर आली होती. ते मला दिसलं. वहिनीला त्या खुणेतलं काही कळत नव्हतं.

"द्या ना लवकर," ती म्हणाली. "शांत हाय तवर."

मी सिरिंज नळीला लावली. अंगठा दांड्यावर ठेवला. ढकललं असतं तर कोणी मला विचारलं नसतं. रोगी माणूस, खोकत गेला असता. मी त्याच्या गालावर उठलेली माझी बोटं बघत राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग सिरिंज काढून घेतली. "नळी सरकलीय," मी म्हणाले. "हॉस्पिटलात न्यायला लागेल."

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या ओठातलं रक्त त्याच्या कपाळावर ठिबकत होतं. नवी नळी घालताना त्याने सिस्टरच्या हाताला चावा घेतला. अंगठ्याचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दोनेक महिन्यांनी तो माणसं ओळखू लागला. मग गिळायला लागला आणि नळी निघाली. गोळ्या मात्र अजून बरेच महिने चालायच्या होत्या. एका रविवारी मी तिथे असताना त्याने वहिनीच्या हातातल्या गोळ्या उडवल्या.

"न्हाय खानार! चल, हो बाजूला!"

एरवी वहिनी वाकून गोळा करायची. त्या दिवशी ती जागची हलली नाही.

"उचला," ती म्हणाली.

"काय बोललीस?"

"दोन-तीन म्हयने तुमच्या पायांवर बसलेय मी. तुमचा सगला जोर मना ठाव हाय. उचला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवटी तो खाटेचा पाय धरून खाली बसला आणि फरशी चाचपू लागला. एक गोळी कपाटाखाली गेली होती. ती काढायला त्याला बराच वेळ लागला. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो.