शीर सापडली

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एकही सुई धड शिरेत गेली नव्हती. संत्र्याला टोचून झालं, रबरी हाताला टोचून झालं; पण जिवंत माणसाची कातडी वेगळीच वागायची. सुई टेकवली की ती आधी आत दबायची, खळगा पडायचा, आणि मी घाबरून अजूनच हळू दाबायचे. मग सुई एकदम आत शिरायची आणि खालची शीर बाजूला सरकून जायची. पेशंट कण्हायचे. मैत्रिणी सलाईन लावायला लागल्या, मी त्यांच्या मागं ट्रे धरून उभी.

त्या उन्हाळ्यात सोयगावकडच्या एक आजी आमच्या वॉर्डात आल्या. मेंढ्यांमागं हिंडताना जुलाब-उलट्या होऊन पार सुकलेल्या. डोळे खोल गेलेले, हातावरच्या शिरा दोऱ्यासारख्या. माझ्या दोघी मैत्रिणींनी सुई लावायचा प्रयत्न केला. एका जागी शीर फुटून निळा फुगवटा आला. मग वॉर्डच्या सिस्टरांनी मला बोलावलं.

"सिस्टर, मला नाही जमत."

आजींनी डोळे उघडले. "टोच गं पोरी. मी काय पळून चाललेय व्हय?"

"तुम्ही नाही आजी, तुमची शीर पळते."

"मंग धर की तिला. मेंढरू पळतं म्हणून कुनी सोडून देतं व्हय?"

सिस्टर माझ्या खांद्याशी येऊन हळू आवाजात सांगू लागल्या. "दंडावरचा पट्टा सैल बांध, या वयात घट्ट बांधला की शीर फुटते. अंगठ्यानं कातडी खाली ताण. ताणली की ती दबत नाही आणि शीरही जागची हलत नाही. सुई जरा आडवी धर. आणि मधेच थांबू नकोस."

मी अंगठ्यानं कातडी ताणली. ती सुकलेल्या केळीच्या पानासारखी पातळ होती. सुई टेकवली आणि या वेळी थांबले नाही. सुई कातडीतून पार झाल्याचं बोटांना कळलं. जरा पुढं गेले, तर आणखी एक बारीक झटका लागला, आणि सुईच्या मागच्या पारदर्शक कुपीत गडद लाल रक्त चढलं.

"आता सुई आणखी आडवी कर, तिच्यावरची प्लास्टिकची नळी सरकव," सिस्टर म्हणाल्या. मी नळी आत सरकवली, सुई मागं ओढली, पट्टा सोडला. सलाईनचे थेंब पडायला लागले. फुगवटा आला नाही.

"झालं?" आजींनी विचारलं.

"झालं आजी."

"मला तर कळलं बी नाय."

संध्याकाळी त्या उशीला टेकून बसल्या आणि सुनेकडं भाकरी मागायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, "उद्या सकाळची सलाईनं तू लावायची."

ड्युटी संपल्यावर मी क्रांती चौकात बसमधून उतरले, एकटीनंच उसाचा रस प्यायले, आणि गर्दीतून चालताना येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघत राहिले. कुणाच्या मनगटावर, कुणाच्या कोपरात, शिरा मला स्वच्छ दिसत होत्या.