पट्टीखालचे पाय

रविवारची सकाळ. कढईत पोह्यांची फोडणी तडतडत होती, आमचे हे पेपरात कालच्या उद्घाटनाची बातमी शोधत होते, आणि दार वाजलं. दारात ज्योत्स्ना, काखेत कागदाची गुंडाळी. तिला पाहिलं आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

ज्योत्स्ना तिवस्याजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. तिच्या अंगणवाडीच्या भिंतीवर तिनंच काढलेली पोरं आहेत. एक उकिडवं बसलेलं, एक टाचा उंच करून खिडकीत डोकावणारं. ती पाहूनच मी तिला गाठलं होतं. आमचे हे अमरावतीतल्या एका फुटबॉल क्लबचे सचिव. यंदा स्पर्धेची पोस्टरं चित्रकारांकडून हातानं काढून घ्यायची, ही कल्पना माझी. तिघांना काम दिलं. त्यात ज्योत्स्नाकडे दोन: पहिल्या दिवसाचं आणि अंतिम सामन्याचं.

बाकी दोघांनी मोबाइलवर फोटो मागवून घेतले. ही मात्र चार दिवस अंगणवाडी सुटली की एसटीनं यायची, गोलपोस्टजवळ मातीत बसायची आणि खेळाडूंच्या पायांकडं बघत राहायची.

"चेहरा कोनीबी काढते, ताई. पाय खोटे निघाले का मानूस उभाच नाई राहत."

कर्णधार पियुषचा चेंडू मारतानाचा पाय तिनं अकरा वेळा काढला. शेवटी तो जमला. पोटरीची शीर, घसरलेला मोजा, सगळं.

मग चित्र फ्लेक्सच्या दुकानात गेलं. फ्लेक्स म्हटला की खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची पट्टी आपल्याकडे येतेच. दुकानदारानं फोन केला, "वहिनी, पट्टी टाकली तं पाय जातात. कसं करू?"

"टाका हो, पाय कोण पाहते!" मी म्हणाले. वर माझाही फोटो पाठवला. भाचीच्या लग्नातला, नथ घातलेला.

काल स्पर्धेच्या उद्घाटनाला तो फ्लेक्स मैदानावर लागला. पियुषला मांडीखाली काहीच नव्हतं. चेंडू होता तिथं मी, नथ घालून हसत. पोरं त्याला छळत होती, "काबे पियुष, किक कायनं मारतं आता?"

ज्योत्स्ना खास आपल्या आईला, मैनाबाईंना, चित्र दाखवायला घेऊन आली होती. मैनाबाईंनी जवळ जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं.

"याच्यात तुयं कोनतं वं? हे नथवाली काढली का तुनं?"

मी तीन पावलांवर होते. ज्योत्स्नानं वळून पाहिलं, आणि मी पाहुण्यांना चहा विचारायला निघून गेले. दिवसभर मी तिच्यासमोर आले नाही.

आणि आता ती दारात. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिनं तोंड उघडायच्या आधी बोलून मोकळी झाले, "अगं, तो दुकानदार! त्यानं न विचारताच ती पट्टी टाकली बघ."

तिनं पेला खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही.

"मी तिथंच होती, ताई. रंग बरोबर उतरते का पाहाले गेली होती. त्याचा फोन स्पीकरवर होता."

यांनी पेपर तोंडासमोर धरला. आत पोहे करपल्याचा वास सुटला, तरी मला उठवेना. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलीच नाही. तिनं गुंडाळी सोडून सतरंजीवर पसरली आणि एका कोपऱ्यावर मी दिलेलाच पेला ठेवला. अंतिम सामन्याचं चित्र. पाच खेळाडू चेंडूवर झेपावलेले, पण पहिल्या चित्रातल्यापेक्षा लहान, वर सरकवलेले. खाली चार बोटं रुंद पट्टी कोरी. पेन्सिलीनं आखलेली, अगदी सरळ.

"हे कावून?" मी विचारलं. विचारताना कळलंच होतं.

"फोटोसाठी जागा सोडली. सगळ्याइचे बसतात, मोजून पाह्यलं. तुमचाबी." मग तिनं खेळाडूंच्या पायांवर बोट ठेवलं. "फायनलले आईले परत आनतो. ताई, यावेळी पाय तेवढे झाकू नका."