जमतं

आमच्या आत्याकडे जगासाठी एकच उत्तर होतं. "कसं चाललंय?" असं कुणीही विचारलं की, "जमतं." अंगात ताप असला तरी जमतं. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनाही तिनं तेच सांगितलं. खरं ती फक्त मला सांगायची. रविवारी मी तिची वेणी घालायला बसले की हळूच म्हणायची, "आज बोटं फार ठणकतायत गं."

कपड्यांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं कोटांना हातानं काजं केली. मशीनचं काज दाखवलं की नाक मुरडायची. "हे काज नव्हे, भोक आहे." आणि त्या एकतीस वर्षांनी तिची बोटं अशी आखडली की स्वतःच्या स्वेटरचं बटण काही काजात जाईना. मी एकदा भीत भीत बटणांऐवजी चिकटपट्टी लावलेला स्वेटर आणला. "काजं करणाऱ्या बाईनं असले चर्रकन उघडणारे कपडे घालायचे?" म्हणाली, आणि माझ्यादेखत तो शेजारणीला देऊन टाकला.

म्हणून समाजकल्याण कचेरीनं तिला रविवार सोडून रोज सकाळी दोन तास मदतनीस दिली होती. आंघोळ, वेणी, बटणं, आणि जाताना चहाचा थर्मास भरून ठेवणं. मदतनीस तोंडाची फटकळ, पण हाताची मऊ. त्या दोन तासांवर आत्याचा सगळा दिवस उभा होता.

मग एक दिवस कचेरीतून तपासणीला एक बाई आली. दारापासूनच "मावशी, मावशी" सुरू. आत्याचा हात हातात घेऊन बसली, कारखान्याच्या गोष्टी ऐकल्या. आत्यानं तळव्यानं थर्मास दाबून तिला चहा दिला.

"फक्कड झालाय! तुम्हीच केलात?"

आता घरी आलेल्या माणसाला कोण सांगतं की चहा दुसरीनं करून ठेवलाय? "मीच," आत्या म्हणाली.

"म्हणजे सगळं जमतं तुम्हाला?"

"जमतं की."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'अर्जदार दैनंदिन कामे विनासाहाय्य करू शकत असल्याचे आढळून आल्याने मदतनीस सेवा बंद करण्यात येत आहे.' हरकत असल्यास तीस दिवसांत अपील. आत्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मावशी म्हणाली गं मला," एवढंच बोलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापला त्या बाईनं! त्याच संध्याकाळी मी अपील लिहिलं, आणि लिहिताना तिला इतक्या शिव्या घातल्या की दोन कागद बदलावे लागले.

सुनावणीला दीड महिना होता. तेवढ्या दिवसांत मी आत्याची तालीम घेतली.

"आंघोळ जमते?"

"जम..."

"आत्या!"

"नाही जमत. झालं समाधान?"

हसायचो आम्ही. पण त्या दीड महिन्यात तिची आंघोळ फक्त रविवारी होत होती. आणि रविवारी मी लावलेली बटणं ती आठवडाभर काढतच नव्हती. त्याच स्वेटरात झोपायची. काढली तर परत लावणार कोण?

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, "आजी, स्वतःचं स्वतः करायला जमतं का?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "नाही जमत." तिघा परक्यांसमोर. मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी पान उलटलं. "पण अहवालात तुमच्या भाचीचाही दुजोरा आहे. फोनवरचे तिचे शब्द लिहिलेत. 'आमची आत्या वाघीण आहे. तिला कुणाची गरज लागत नाही, सगळं एकटी करते.'"

आणि मला आठवलं. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, फोन खांद्यावर धरलेला. कचेरीतून कुणीतरी आत्याची चौकशी करत होतं. कशासाठी, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. छाती फुगवून बोलले आणि विसरून गेले. इतके दिवस मी शिव्या त्या बाईला घालत होते.

आत्या माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दर रविवारी माझी बटणं कोण लावतं गं?"

"मी."

"मग?"

मी साहेबांकडे वळून सांगितलं, की मी बढाई मारली, ते खोटं होतं, तिची वेणी, बटणं, आंघोळ, सगळं मी करते, मला माहीत आहे. त्यांनी ते शांतपणे लिहून घेतलं.

निकाल आला. मदतनीस परत मिळाली, पण आठवड्यातून तीनच दिवस. कारण लिहिलं होतं, 'उर्वरित दिवशी मदतीस भाची उपलब्ध.'

पहिला बिनमदतनिशीचा दिवस सोमवार होता. दुकान उघडायच्या आधी मी आत्याकडे गेले. तिनं दार अर्धवट उघडलं. स्वेटरच्या दोन्ही कडा तिनं मनगटानं छातीशी दाबून धरल्या होत्या. मी हात पुढे केला.

"आण, लावते."

ती एक पाऊल मागे सरकली.

"कशाला? जमतं मला," ती म्हणाली, आणि कोपरानं दार लोटून घेतलं.