भिंत नसलेलं मैदान

माझी नात तिच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन आहे. हे मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत इतक्यांदा सांगितलंय, की लोक आता मला लांबून बघूनच "काय म्हणते टीम?" असं विचारून मोकळे होतात. यंदा मात्र मला धड उत्तर देता येत नव्हतं. टीम स्पर्धेत उतरणार की नाही, हेच ठरलं नव्हतं.

गेल्या वर्षी मुली स्पर्धेच्या पहिल्याच मॅचमध्ये सात गोल खाऊन परत आल्या होत्या. म्हणून यंदा त्यांच्या सरांनी अट घातली. आधी ठाण्याच्या एका कॉलेजबरोबर सरावाची मॅच खेळा. खेळ बरा दिसला तर स्पर्धेला नाव देतो, नाहीतर या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. सरांना पुढचं वर्ष होतं. नातीचं हे शेवटचं.

मुलींनी मेहनत केली नाही असं कुणी म्हणू नये. कॉलेजचं मैदान पावसाळ्यात तळं असतं, आणि ते वाळलं की मंडपवाल्याच्या ताब्यात जातं. त्यामुळे पावसाचे सगळे महिने त्या ठाकुर्लीच्या एका टर्फवर खेळल्या. हे टर्फ म्हणजे तासावर मिळणारं, हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचं छोटं मैदान. चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर जाळी. मी एकदा बघायला गेले होते. पोरी काय सुंदर खेळत होत्या! बॉल भिंतीवर मारायचा, तो परत येईपर्यंत समोरचीला चुकवून पुढे पळायचं, आणि आलेला बॉल पायात घ्यायचा. बॉल कुठे जातच नव्हता. मी घरी येऊन जाहीर करून टाकलं, की कप आपलाच.

मॅचच्या सकाळी नात म्हणाली, "आजी, प्लीज, तू येऊ नकोस ना. तू आलीस की मला टेन्शन येतं." मी बरं म्हटलं. मग ती आंघोळीला गेल्यावर खाली उतरले आणि तिला घ्यायला गेटवर आलेल्या कॉलेजच्या मिनीबसमध्ये सरांच्या शेजारी जाऊन बसले. सरांना सांगितलं, मला कोलशेतला भाचीकडे जायचंय, वाटेत सोडा. कोलशेतला माझी भाची नाही. मैदान तिथे आहे, एवढं मला माहीत होतं. नात बसमध्ये चढली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ओळख न दाखवता मागे जाऊन बसली.

मैदान बघितलं आणि माझाच जीव दडपला. चांगलं मोठं, खाडीचा वारा अंगावर घेणारं, आणि कडेला भिंत वगैरे काही नाही. नुसती चुन्याची एक रेघ.

खेळ सुरू झाला. आमच्या मुलीने बॉल घेतला, समोरची अंगावर आली, तशी हिने सवयीने बॉल बाजूला भिंतीवर मारला आणि पुढे पळाली. भिंत नव्हती. बॉल रेघ ओलांडून थेट पार्किंगमधल्या स्कूटरवर. ही मात्र पुढे उभी राहून मागे वळून बघतेय, अजून आला कसा नाही. दुसरीने तेच केलं, मग तिसरीने. ठाण्याच्या मुलींना नुसते थ्रो घ्यायचंच काम उरलं होतं, आणि त्यातून फावल्या वेळात त्यांनी तीन गोल केले.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला हसू यायला लागलं, कारण मला माझी सायकल आठवली. आम्ही कल्याणला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. भावाच्या सायकलवर मी अंगणातच शिकले. अंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन, त्यामुळे फेऱ्या मारायच्या त्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. उलटं फिरलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची. अशी उजवीकडे वळून वळून मी तरबेज झाले, वेणीत फूल माळलं आणि सायकलवरून कॉलेजला निघाले. पहिल्याच चौकात कळलं, की आपल्याला डावीकडे वळताच येत नाही. हातच वळेनात. मग या महाराणीने काय करावं? ऐटीत खाली उतरावं, साडीच्या निऱ्या सारख्या कराव्यात, सायकल हाताने वळवावी आणि पुन्हा बसावं. मैत्रिणींना सांगितलं, की चौकात उतरून चालणं सभ्यपणाचं असतं. त्यांतल्या दोघी खरोखर उतरून चालायला लागल्या. इतकी बावळट आणि इतकी रुबाबदार मुलगी मी पुन्हा पाहिली नाही.

माझ्या शेजारी ठाण्याच्या टीममधल्या एका मुलीचे वडील बसले होते. त्यांनी फार अदबीने विचारलं, आजी, तुमच्या मुली बॉल बाहेर का घालवतायत? मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की तो डाव आहे, हाफटाइमनंतर कळेल. ते जरा काळजीत पडले. तेवढंच मला समाधान.

हाफटाइमला मुली रेघेजवळ पाणी पीत बसल्या. सर लांब उभे होते, आणि त्यांचा चेहरा निर्णय झाल्यासारखा दिसत होता. नातीने तो चेहरा बघितला. ती आमच्या टीमची गोल मारणारी. आजवर जे काही थोडे गोल झाले ते तिचेच, आणि यंदाच्या गोलांची तर तिने मनात आधीच रास घातली होती. ती उठली, बूट रेघेवर घासत म्हणाली, "ऐका. भिंत नाहीये ना? मग मला भिंत समजा. मी इथे रेघेला चिकटून उभी राहते. मारा माझ्याकडे, मी परत देते."

एक मुलगी म्हणाली, "आणि पुढे कोण? गोल कोण मारणार, तुझी आजी?"

"तू मार."

"मी कधी मारलाय का?"

"मग आज मार."

दुसऱ्या हाफमध्ये ती खरंच तिथे उभी राहिली. बॉल आला की एका पायाने परत, आला की परत. मध्येच गोलसमोर मोकळी जागा पडायची. तिचं अंग तिकडे धावायला उठायचं, ते मला लांबूनही दिसायचं. ती गेली नाही. हळूहळू बॉल मैदानात राहायला लागला, आणि मुलींची मान वर आली. शेवटी शेवटी, "मी कधी मारलाय का" म्हणणारीने नातीकडे बॉल दिला, पळाली, परत आलेला घेतला आणि मारला. आत गेला. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना, ती रेफ्रीकडे बघत राहिली.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हाच का तो डाव?"

"अजून सगळा दाखवलेला नाही," मी म्हटलं.

मॅच तीन-एकने हरलो. सरांनी मुलींना गोळा केलं आणि हरण्याबद्दल एक शब्द काढला नाही. नातीला म्हणाले, "नाव देतो मी. पण सगळा सीझन तू तिथेच उभं राहायचंस. गोल विसरायचे. जमेल?"

ती मोज्यातली माती झटकत राहिली. माझ्या तोंडावर आलं होतं की हो म्हण गं, पण मी तर भाचीकडे गेलेली होते, म्हणून गप्प बसले.

"जमेल, सर," ती म्हणाली.

आता टीमचं काय, असं कुणी विचारलं तर माझा अंदाज असा: कप येणार नाही. पहिली फेरी बहुतेक काढतील. दुसरीत कोण समोर येतं त्यावर आहे. पहिल्यांदाच मी एवढं तोलून बोलतेय, लोकांना माझी तब्येत बरी नाही असं वाटेल.

परतीच्या वाटेवर बस ठाण्यातच खोपटच्या डेपोपाशी अडकून राहिली. नात माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या भाचीची तब्येत विचारली, आणि मग मागे वळून मुलींना म्हणाली, की एका बाजूला मी आहे, पण दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी हवं, त्याशिवाय हे चालणार नाही. सगळ्या एकदम मोबाइलमध्ये शिरल्या. गोल विसरायला कुणीच तयार नव्हतं. बस हलली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला. आज जिने गोल मारला तीच होती.

"मी राहते," ती म्हणाली. "पण सेमीफायनलला मला पुढे सोडायचं हां."